आईचं रक्त चालेना

काचपट्टीवरचे दोन थेंब एकमेकांत मिसळले आणि मुरलीधर साबळे चक्रावले. एक थेंब नऊ वर्षांच्या ऊर्वीच्या रक्तद्रवाचा होता, दुसरा तिच्या आईच्या, गौतमीच्या, तांबड्या पेशींचा. मिश्रण गुळगुळीत राहायला हवं होतं. त्यात विटकरी पुंजके धरले होते. साबळ्यांनी पट्टी धुतली, पुन्हा थेंब घेतले. पुन्हा पुंजके. तिसऱ्यांदाही तेच झालं.

चंद्रावरच्या शुक्लपक्ष वसाहतीत ही तपासणी कुणी करतच नसे. रक्तपारखी यंत्रात 'जन्मस्थान : चंद्र' एवढं भरलं की हिरवा दिवा लागे, मग पिशवी कुठल्याही गटाची असो. साबळ्यांचा हातच जुन्या वळणाचा. पृथ्वीवरच्या रक्तपेढीत तीस वर्षं काढल्यामुळे काचपट्टीशिवाय त्यांना चैन पडत नसे आणि तरुण मंडळी त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल करत.

डॉ. केळुसकर घाईने आत आल्या. "पिशवी द्या. मालगाडीची धडक बसून पोरीची प्लीहा फुटलीय. अर्ध्या तासात पोट उघडायचंय."

"नाही देता येणार, डॉक्टर. आईचं रक्त चालत नाहीये. पोर ओ गटाची, आई बी गटाची."

"मग काय झालं? बीविरुद्धची प्रतिपिंडं कुणी जन्माला येताना घेऊन येत नाही. आतड्यातले काही जीवाणू बी गटाच्या पेशींसारखीच साखर अंगावर मिरवतात. त्यांच्याशी लढायला शरीर शस्त्र घडवतं आणि तेच शस्त्र पुढे परक्या रक्तावर चालतं. इथे येणाऱ्या प्रत्येकाचं आतडं धुऊन आपण निवडक सात जाती सोडतो. इथेच जन्मलेल्या ऊर्वीने तो शत्रू पाहिलेलाच नाही, तर शस्त्र कुठून येणार? हे मी तुम्हाला सांगायला हवं?"

"तेच तर मला कळत नाहीये," साबळे म्हणाले.

नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, द्राव शिळे असतील, असं म्हणत डॉक्टरांनी स्वतः थेंब घेतले. साबळ्यांना अपमान वाटला, तरी डॉक्टरांचंच खरं ठरावं असंही वाटलं. डॉक्टरांच्या पट्टीवरही पुंजके आले.

गौतमी दारात उभी होती. कोपरात धरलेला कापूस अजून तसाच होता. "माझ्याच पोटची ना ती? मग माझं रक्त तिला परकं कसं?"

"बाहेरचं काही खाल्लं होतं तिने?" डॉक्टरांनी विचारलं.

"इथे बाहेर आहे तरी काय, डॉक्टर? जेवणघरातलंच खाते. नाहीतर साबळेकाकांकडे दहीभात. पण त्यांचं दही लिंबाच्या सत्त्वाचं असतं."

साबळे खुर्चीत बसले.

"सत्त्वाचं नाही," ते म्हणाले. "येताना रुमालाचं टोक दह्यात बुडवून वाळवलं होतं. बायकोच्या हातचं विरजण. ती गेल्यावर घरात तेवढंच जिवंत उरलं होतं. इथल्या पावडरीच्या दुधात लागलं. म्हटलं, दह्याने कुणाचं काय बिघडतंय."

रागवावं की नाही, हे गौतमीला सुचेना.

"ओ गटाचं कोण आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक रहमान, पण तो वसाहतीबाहेर तीन दिवसांच्या वाटेवर आहे. दुसरा मी."

"वय?"

"त्रेसष्ट. रक्तदात्याची मर्यादा साठची आहे."

"झोपा तिथे."

साबळ्यांच्या पेशी ऊर्वीच्या थेंबात गुळगुळीत मिसळल्या. दोन तासांनी डॉक्टर शस्त्रक्रियेच्या दालनातून परतल्या आणि पोर वाचली म्हणाल्या, तेव्हा गौतमी भिंतीला टेकून रडली. साबळेही रडले, पण दुसरीकडे तोंड करून.

"आता अहवाल लिहावा लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "शुद्ध आतड्याचा नियम ठाऊक आहे ना? अंगात बाहेरचा जीवाणू सापडला, की त्या माणसाला पुढच्या यानाने पृथ्वीवर धाडायचं. ऊर्वीला जावं लागेल. साबळ्यांनाही."

"ती तिथे जगेल?" गौतमीने विचारलं.

"तिच्या शरीराला जंतूंशी लढता येतं, हे आजच दिसलं. पृथ्वीवरच्या वजनाची सवय फिरत्या दालनात करून देऊ. जगेल."

गौतमीच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि अर्ध्यातच थबकलं. "आणि मी?"

"तू शुद्ध आहेस. तुझ्या कराराची चार वर्षं बाकी आहेत."

"म्हणजे तिला एकटीला पाठवायचं?"

"नियम मी केलेला नाही, गौतमी," डॉक्टर जमिनीकडे बघत म्हणाल्या.

साबळे खाटेवर उठून बसले. मघाशी एक गोष्ट कबूल केली होती, आता दुसरी करायची होती, आणि या खेपेला त्यांना भीती वाटत नव्हती. "डॉक्टर, ती शुद्ध नाही."

"तिने कुठे खाल्लाय तुमचा दहीभात?"

"दहीभात नाही. पाडव्याचं श्रीखंड. त्याला चक्का कुठून आला, ते कुणीच विचारलं नव्हतं."

डॉक्टरांनी मान वर केली. "सगळ्यांनी खाल्लं होतं?"

"वसाहतीत माणसं एक्केचाळीस," साबळे म्हणाले, "आणि वाट्या बेचाळीस लागल्या. तुम्ही दोनदा घेतलंत."