एकतीस हिरवे दिवे

श्वासफाटकाने डॉ. हेमांगी तळपदेचा श्वास दोन सेकंद तपासला आणि लाल दिवा लावला.

हेमांगीला आधी हसूच आलं. आपणच बांधलेलं यंत्र आपल्यालाच दाराबाहेर उभं करतं म्हणजे कमाल झाली! तिने चूळ भरली आणि नळीत पुन्हा फुंकर मारली. पुन्हा लाल.

विद्यापीठाच्या या इमारतीत मुकाज्वरावरचं औषध तयार होत होतं. साथीमुळे शहर बंद होतं, पण हे काम थांबून चालणार नव्हतं. म्हणून एकतीस जण महिनाभर आतच राहत होते. जेवणाचे डबे तेवढे खिडकीतून आत जात. मुकाज्वर मोठा कावेबाज. पंधरा दिवस तो अंगात गुपचूप बसून राहतो, साधी शिंकही येऊ देत नाही, आणि मग दोन दिवसांत फुफ्फुसं धरतो. पंधरा दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर माणूस वाचतो. घशाच्या चाचणीचा अहवाल यायला दीड दिवस लागे; हेमांगीचं फाटक श्वासातल्या बारीकसारीक वायूंवरून तेच काम दोन सेकंदांत करी. म्हणून आतले सगळे रोज सकाळी त्यात श्वास देत, आणि हिरवा दिवा लागला तरच कामाला लागत.

आज महिना संपला होता. फाटक बाहेरून सांभाळणारी हेमांगी रजेवरून आजच परतून सगळ्यांना घ्यायला आली होती. आवारात दोन बसगाड्या उभ्या होत्या. सहा वाजता फाटकात श्वास देऊन सगळे आपापल्या घरी जाणार होते. साडेपाच वाजले होते.

काचेपलीकडे विभागप्रमुख डॉ. रेगे आले. ध्वनिक्षेपकातून त्यांचा आवाज आला, "हेमांगीबाई, तुम्ही मागे व्हा पाहू. रुग्णवाहिका बोलावतो."

"सर, परवाच साताऱ्यात माझी चाचणी झालीय. निर्दोष आहे. आतले सगळे कसे आहेत?"

"एकतीसच्या एकतीस हिरवे. महिनाभर एकही लाल नाही. म्हणजे नवरात्रातला तो गोंधळ सोडला तर."

नवरात्र!

सोळा दिवसांपूर्वीची गोष्ट. नवरात्राचे उपास सुरू झाले आणि दुसऱ्याच सकाळी फाटकाने अर्ध्या प्रयोगशाळेला लाल दिवा दाखवला. पोट रिकामं राहिलं की शरीर चरबी जाळतं आणि श्वासाची घडण बदलते. फाटक प्रत्येकाचा श्वास त्याच्या साथीपूर्वीच्या श्वासाशी ताडून पाही, त्याला उपास काय ठाऊक! काम ठप्प झालं. रेग्यांनी घाई केली आणि हेमांगीने घाईतच नियम बदलला. काल ज्यांना हिरवा दिवा मिळाला त्यांचा श्वास तोच आजचा निरोगी श्वास, असं तिने फाटकाला शिकवलं. उपास करणारे आणि न करणारे दोघेही मावावेत म्हणून मर्यादाही सैल केली. दसरा झाला की सगळं पूर्ववत करायचं ठरलं होतं. त्याच दुपारी साताऱ्याहून फोन आला, आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. हेमांगी तशीच निघाली. आईच्या उशाशी बसून तिला फाटकाची एकदाही आठवण झाली नाही.

"इक्बालला बोलवा," ती म्हणाली. "लवकर!"

डॉ. इक्बाल मुकादम बॅग खांद्यावर घेऊनच आला. त्याच्या बायकोला, रुखसानाला, आठवा महिना होता, आणि महिनाभर त्याने दुसरं काही बोलणं काढलं नव्हतं.

"इक्बाल, नियम अजून नवरात्राचाच आहे. फाटक रोज कालच्या तुमच्याकडून शिकतंय. तुमच्यातल्या एकाला डब्यातून की कशातून लागण झाली असेल, तर पहिल्या दिवशी त्याचा श्वास किती बदलेल?"

"जरासाच."

"तो जरासा बदल सैल मर्यादेत बसला. दुसऱ्या दिवशी तोच निरोगी ठरला. मग आणखी जरासा, मग आणखी दोघं."

इक्बालने बॅग खाली ठेवली. "म्हणजे आम्ही सगळे मिळून आजारी पडत गेलो, आणि ते आजारालाच तब्येत समजत गेलं?"

"हा तुमचा तर्क झाला," रेगे फणकारले. "यंत्र तुमचंच, आणि लाल दिवाही तुमचाच. आजारी माणूस असंच बोलतो. जुन्या नोंदी काढून दाखवा."

"रोजच्या नोंदी रोज पुसल्या जातात, सर. साथीपूर्वीच्या पुन्हा चढवायला रात्र जाईल."

घड्याळात पावणेसहा झाले. हेमांगीने इकडेतिकडे पाहिलं आणि बसच्या चालकाला हाक मारली. "शिंगाडेमामा, जरा इकडे या. या नळीत फुंका."

"मॅडम, म्या तर रोज तपासून गाडीवर चढतोय. आजचा कागद पण हाय खिशात."

"म्हणूनच फुंका."

नळीचं तोंड बदलून शिंगाडे फुंकले. लाल. दुसऱ्या गाडीचा चालक फुंकला. लाल. दरवाज्यावरची पहारेकरीण फुंकली. लाल.

"सर, आता एक तर अख्खं शहर आजारी आहे," हेमांगी म्हणाली, "नाहीतर तुम्ही एकतीस जण."

रेगे साठीचे गृहस्थ, मधुमेही. ते शेजारच्या खुर्चीत हळूच बसले. मग कोरड्या आवाजात म्हणाले, "औषध आतच आहे. सगळ्यांना पहिला डोस आत्ता द्या. कितवा दिवस असेल?"

"अजून कुणी शिंकलंही नाही, म्हणजे पहिल्या माणसाचा फार तर चौदावा," हेमांगी म्हणाली. ती रडत होती आणि ते लपवण्याचा प्रयत्नही करत नव्हती. "चूक माझी आहे. मी विसरले."

इक्बालने दार बंद करण्याचं बटण दाबून पाहिलं. काही झालं नाही. हिरव्या माणसाला आत कोंडायचं नाही, असं फाटकाला पक्कं शिकवलेलं होतं. वीज तोडावी तर आगीत कुणी अडकू नये म्हणून दार उघडंच राहणार. नवा नियम चढवायला रात्र गेली असती.

तो बोलायला काचेजवळ आला, आतल्या बाजूच्या नळीत त्याचा श्वास गेला आणि हिरवा दिवा लागला. दार सरकलं. त्याच्या आणि हेमांगीच्या मध्ये आता काहीच नव्हतं. पलीकडे बसचं इंजिन चालू होतं. इक्बालने गाडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"मागे हो, हेमांगी," तो म्हणाला, आणि स्वतःच चार पावलं मागे गेला. दार मिटलं.

"रुखसानाला तू फोन कर. मला बोलता यायचं नाही."

मग त्याने आतलं जड टेबल ओढत आणून दाराला लावलं. सहा वाजता दोन्ही गाड्या रिकाम्या निघाल्या. टेबलामागे एकतीस जण ओळीने औषध घेत उभे होते, आणि त्यांतला जो कोणी फाटकाजवळून जाई, त्याच्यासाठी ते अदबीने उघडत होतं.