अर्धवट शोध

सर्व्हर निवडायचा म्हटला की मोजणीबाई कुणाच्या बापाचं ऐकणार नाही, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. मोजणीबाई हे नाव ऑफिसनेच ठेवलेलं. दुसरी कुणी असती तर तिने नाक मुरडलं असतं, ही मात्र ते मिरवायची. मोजून घेतल्याशिवाय तिने कधी मशीन घेतलं नव्हतं, आणि तिने घेतलेल्या मशीनने कधी दगा दिला नव्हता.

ऑफिस होतं हरवलेल्या माणसांची माहिती ठेवणारं. खालच्या काउंटरवर नातेवाईक येत. वय, उंची, कपडे, अंगावरची खूण सांगत. वरच्या मजल्यावरचा सर्व्हर ते वर्णन लाखो नोंदींशी ताडून पाही. पण तो आता थकला होता. एखादा शोध ठरलेल्या वेळेत संपला नाही की तो मध्येच तोडून टाकी, आणि काउंटरवरच्या बाईंना पडद्यावर ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढंच दिसे. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा तेव्हा बघवत नसे.

विक्रेत्याने दोन मशीन चाचणीसाठी आणून ठेवली. पहिल्याच्या प्रोसेसरमध्ये कोअरची, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी कामं उरकणाऱ्या भागांची, नुसती फौज होती, आणि साहेब त्या फौजेवरच भाळले होते. दुसऱ्यात कोअर मोजके, पण एकेक चपळ. शिवाय मेमरी इतकी की सगळ्या नोंदी एकाच वेळी तिच्यात मावाव्यात, डिस्ककडे हेलपाटे घालायला नकोत.

“साहेब, एक पत्र वाचायला चार जण बसवले म्हणून ते लवकर वाचून होत नाही,” मोजणीबाई म्हणाली. “आपला एक शोध एकच कोअर करतो. तो पळणारा हवा.”

साहेबांनी विक्रेत्याकडे पाहिलं, विक्रेत्याने छताकडे. मग सिद्ध करून दाखवा, असं ठरलं. तिला तेच हवं होतं.

हा हट्ट नुसता मशीनचा नव्हता. तिची ताई अकरा वर्षांची असताना हरवली होती. इमारतीतल्या पोरांचा लपाछपीचा डाव चालला होता आणि राज्य ताईवर होतं. आठ वर्षांची छोटी, म्हणजे मोजणीबाई, घरात गाद्यांच्या ढिगाआड अशी लपली, की कुणाला सापडलीच नाही. आपण किती छान लपलोय म्हणून ती तोंडावर हात दाबून हसत राहिली आणि तिथेच झोपून गेली. संध्याकाळी आईने तिला बाहेर काढलं तेव्हा ताई घरात नव्हती. जिन्याजवळच्या भिंतीला कपाळ टेकून आकडे म्हणताना तिला शेवटचं पाहिलं होतं. ज्याला शोधून काढलं त्याच्यावर पुढचं राज्य, असा त्यांचा नियम होता. तो डाव पुरा झालाच नाही. छोटीने पुढे हे ऑफिस धरलं ते ताईसाठी, आणि एक दिवस आपण निवडलेलं मशीनच तिला शोधून काढील असं ती आईला छातीठोकपणे सांगायची. गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली आई ते ऐकून विषय बदलायची. त्या दिवसापासून ताईचं नाव तिने घरात कधीच घेतलं नव्हतं.

चाचणीची मोजणीबाईची रीत ठरलेली होती. कामाच्या दिवसात जुन्या सर्व्हरवर आलेले शोध टिपून घ्यायचे आणि तेच, त्याच क्रमाने नव्या मशीनवर सोडायचे. तुटलेले शोध तेवढे आधी गाळायचे. अर्धवट शोधांनी मोजमाप बिघडतं, म्हणून या धंद्यातले सगळेच ते कचऱ्यात काढतात. तिनेही वर्षानुवर्षं काढले होते. या वेळी मात्र तिने ते ठेवले. आपल्या मशीनचा तोरा साहेबांना दिसायला हवा होता.

पहिलं मशीन तिने सकाळीच पळवून पाहिलं. तुटलेले शोध त्यावरही तुटले. मनातून खूश होत ती ते एकेक वाचू लागली, आणि एका शोधाशी थबकली.

मुलगी, वय आठ. उजव्या भुवईवर व्रण. हिरवा फ्रॉक. शोध कुठल्या काउंटरवरून आला ती जागा कोरी होती. ठिकाणाच्या रकान्यात कुणीतरी लिहिलं होतं: जिन्याखाली पाहिलं. टाकीमागे पाहिलं.

तिचा हात आपसूक भुवईकडे गेला. कुणीतरी चेष्टा केली असणार, असं तिने स्वतःला बजावलं. ऑफिसात टवाळांची कमी नव्हती. पण तिचा त्या दिवशीचा हिरवा फ्रॉक ऑफिसात कुणाला माहीत असणार? रोज गाळून कचऱ्याच्या फाइलीत टाकलेले जुने शोध तिने उघडले. आदल्या महिन्यात तो होता. आदल्या वर्षी होता. जिथपर्यंत मागे जाता येत होतं तिथपर्यंत प्रत्येक दिवशी तो आला होता, तुटला होता, आणि तिने आपल्या हाताने कचऱ्यात काढला होता.

दुपारी साहेब आणि विक्रेता येऊन खुर्च्या ओढून बसले. दुसऱ्या मशीनला बाहेरची एकही तार जोडलेली नव्हती, फक्त विजेची. तिने दिवसभराचे शोध सोडले. पंखे घुमले. भराभर उत्तरं येऊ लागली, सकाळी तुटलेल्यांचीही. साहेब पुढे सरकले आणि म्हणाले, मानलं बुवा तुम्हाला. विक्रेताही हसला. तिला आभाळ ठेंगणं झालं होतं, तरी नजर खालच्या एका ओळीवर खिळली होती.

सगळे शोध संपले. तो एक चालूच होता, आणि ठिकाणाचा रकाना वाढत होता.

गच्चीच्या दाराआड पाहिलं.

“हे कोण लिहितंय?” साहेबांनी विचारलं. कीबोर्डवर कुणाचाच हात नव्हता. विक्रेत्याने वाकून नेटवर्कची तार तपासली. ती जोडलेली नव्हतीच.

पलंगाखाली पाहिलं.

वेळेची मर्यादा जवळ आली. तोडू नकोस, ती मनात म्हणाली, थोडंच राहिलंय.

गाद्यांच्या ढिगाआड पाहिलं.

सापडली.

पंखे शांत झाले. एक नोंद जुळली होती. ती ताईच्या हरवण्याची तक्रार होती, आणि तिच्यात बरोबर खेळत असलेल्या धाकट्या बहिणीचं वर्णन होतं, मोजणीबाईनेच नंतर भरलेल्या सध्याच्या पत्त्यासकट. मोजणीबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. भीतीचं नव्हतं ते. तिला अभिमानच वाटला, ऊर भरून आला. इतकी वर्षं जे कुठल्याच मशीनला जमलं नाही ते तिच्या मशीनने केलं होतं.

फोन वाजला. आईचा होता.

“अगं, ताई आलीय,” आई म्हणाली. दुकानातून कुणी परत आल्यासारखा तिचा आवाज होता.

“आई, काय बोलतेस?”

“तुझ्या मशीनचं कौतुक करतेय ती. जुनी फार हळू होती म्हणे. बरं ऐक, छोटी सापडली, आता राज्य तुझ्यावर. आम्ही लपतोय.”

“आई, दार उघडू नकोस. मी येतेय.”

“लगेच नको येऊस. आधी आकडे म्हण,” आई म्हणाली. तिच्यामागे कुणीतरी तोंडावर हात दाबून हसत होतं.

ती घरी पोचली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. टेबलावर अर्धा कप चहा होता, अजून कोमट. शेजारी आईचा चष्मा होता. चष्म्याशिवाय आई खोलीबाहेर पाऊलही टाकत नसे. जिन्याखाली कुणी नव्हतं. टाकीमागे नव्हतं. गाद्यांच्या ढिगाआड दोन खळगे होते, एक मोठा, एक लहान. शेजाऱ्यांनी कुणालाही येताना किंवा जाताना पाहिलं नव्हतं.

तिने निवडलेलं मशीन पुढे ऑफिसात बसलं. काउंटरवर आता कुणाला ताटकळावं लागत नाही. दुसऱ्या ऑफिसांतले लोक मुद्दाम ते बघायला येतात, आणि साहेब छाती फुगवून सांगतात, आमच्या मोजणीबाईंची निवड.

मोजणीबाई रोज सकाळी आल्या आल्या आईचं वर्णन भरते आणि शोध सोडते. बटणावरचं बोट उचलण्याआधीच उत्तर येतं: एकही नोंद जुळली नाही. जुनं मशीन निदान वेळ तरी लावायचं. तेवढा वेळ माणसाला आशा ठेवता यायची.

मग ती सर्व्हरच्या खोलीत जाते आणि मशीन ठेवलेल्या कपाटाच्या दाराला कपाळ टेकते. पत्रा गरम असतो. थोडा वेळ डोळे मिटून उभं राहिलं की बरं वाटतं, असं ती साहेबांना सांगते. परवा साहेब तिला बोलवायला आत गेले, तेव्हा तिचे ओठ हलत होते. पंख्यांच्या आवाजात त्यांना आधी नीट ऐकू आलं नाही. ती आकडे म्हणत होती.