खाटेला वळसा

त्या इमारतीत त्याला सगळे नकाशे म्हणत. आडनाव नव्हे ते. घरी बसून कॉम्प्युटरवर नकाशे करायचा, म्हणून नकाशे. खरं नाव विचारायची तसदी कोणी घेतली नाही, आणि आपणहून सांगेल असा तो प्राणी नव्हता. आई होती तोवर दिवसातून चार वाक्यं व्हायची. औषध घेतलंस का, पंखा बारीक करू का, एवढीच, पण व्हायची. आई गेली आणि तीही संपली. पंचेचाळिशी उलटलेला माणूस, लग्न नाही, मित्र नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या आणि एकटा जीव. मजल्यावरची बाकीची दारं कुलपं लावून बसलेली.

दुपारी तिथे अशी शांतता असायची की भिंतीतल्या पाइपातून पाणी उतरलं तरी कोणीतरी जिना उतरतंय असं वाटावं. सुरुवातीला तो दार उघडून बघायचासुद्धा. मग सोडलं.

आईची खाट मधल्या खोलीच्या बरोब्बर मधोमध होती. म्हातारीला पडल्या पडल्या दारही दिसायला हवं आणि स्वयंपाकघरही. कोण आलं, कोण गेलं, दूध उतू चाललंय का, सगळ्यावर नजर. ती गेल्यावर ताईने, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीने, खाट कोणा गरजूला देऊन टाकली. फरशीवर खाटेच्या पायांचे चार काळे डाग राहिले. पण नकाशेचे पाय काही सुधारले नाहीत. टेबलावरून स्वयंपाकघरात जायचं तर अजूनही तो त्या नसलेल्या खाटेला वळसा घालून जायचा. ताई आली की हे बघून वैतागायची.

"अरे बाळ्या, खाट आहे का तिथे? सरळ चाल की मेल्या!"

"सवय आहे."

"सवय कसली, खूळ आहे खूळ. माझ्याकडे ये राहायला. घरात माणसं आहेत, आवाज आहे. इथे बसून तुझ्या तोंडाला बुरशी चढेल."

तो नुसती मान हलवायचा. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते ताईलाही कळायचं नाही. मनातून त्याला जायचं होतं. फार जायचं होतं. पण माणसांत राहायचं तर बोलावं लागतं, आणि ते आपल्याला आता जमेल की नाही, ही धास्ती.

एक दिवस पाणीखात्याच्या साहेबांचा फोन आला. त्या भागात नवे नळ टाकायचे होते, त्यासाठी सगळ्या गल्ल्याबोळांचा नकाशा हवा होता.

"तो खुला नकाशा असतो म्हणे, कोणीही फुकट उतरवून घ्यावा असा?"

"असतो."

"भरतं कोण तो?"

"कोणीही. ज्याला आपली गल्ली ठाऊक आहे तो. नळ, बाकडं, पायवाट... जे दिसेल ते."

"मग तुमचं काम काय?"

"आपल्याला लागतो तेवढा तुकडा उतरवून आणायचा."

"म्हणजे हमालीच की!" साहेब खो खो हसले आणि फोन ठेवला.

जेवण उरकून नकाशे कामाला बसला. काम अवघड नव्हतं. कॉम्प्युटरसाठी एक स्क्रिप्ट लिहायची, म्हणजे हुकूम लिहून द्यायचा: बाबा रे, या चार कोपऱ्यांच्या आत जे जे आहे ते घेऊन ये. कोपरे सांगायचे आकड्यांत, एक अक्षांशाचा, एक रेखांशाचा. आता गोम अशी, की काही ठिकाणी अक्षांश आधी सांगायचा असतो, काही ठिकाणी रेखांश. उलटसुलट झालं की हुकूम पृथ्वीवर भलतीकडेच जाऊन पडतो. या धंद्यातला प्रत्येक जण कधी ना कधी ही चूक करतो. नकाशेनेही केली. त्याचे उलटे आकडे पडले भर समुद्रात. बेट नाही, खडक नाही, नुसतं पाणी. अशा वेळी रिकामी फाईल येते. कपाळावर हात मारायचा, आकडे सरळ करायचे, संपलं.

फाईल रिकामी आली नाही.

तिच्यात एक रेघ होती, ठिपक्याला ठिपका जोडत गेलेली. पुढे एकच शब्द: पायवाट. ती भरणाऱ्याचं नाव जिथे असतं, तिथे काहीच नव्हतं.

भर समुद्रात पायवाट! नकाशेला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी स्वतःचं हसणं ऐकून तो जरा दचकलाच. कोणीतरी चावटपणा केला असणार, असं म्हणून त्याने आकडे सरळ केले, खरा नकाशा उतरवला, कामाला लागला. तिथेच ती उलटी स्क्रिप्ट पुसून टाकली असती तर बरं झालं असतं. पण ज्याच्याकडे दिवसचे दिवस कोणी फिरकत नाही, त्याला चावटपणा करणारासुद्धा सोबत वाटतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने ती पुन्हा चालवली. रेघ वाढली होती.

त्याने ती जवळ आणून पाहिली. पायवाट म्हणे, सगळी मिळून दोन-तीन खोल्यांत मावेल एवढी. एका जागी रेघेचा दाट गुंता. तिथून एक फाटा या बाजूला, एक त्या बाजूला. आणि बरोब्बर मधे एक लांबट रिकामी जागा. रेघ तिच्यापाशी यायची आणि दर वेळी तिच्या कडेकडेने वळून पुढे जायची. आत एकदाही शिरली नव्हती.

नकाशे उठला, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला, परत येऊन बसला. आणि बसल्यावर आपण आत्ता कसे गेलो, कसे आलो, ते त्याच्या ध्यानात आलं. त्याने स्क्रिप्ट चालवली. रेघ वाढली होती. गुंत्यापासून निघून, वळसा घालून, पुढे. तसाच वळसा घालून परत.

तो मुद्दाम खिडकीपर्यंत गेला. गजाला हात लावला. खाली वॉचमनने वर पाहून नेहमीसारखा हात उंचावला, यानेही उंचावला. परत येऊन पाहिलं. रेघ खिडकीपर्यंत जाऊन आली होती.

ताईला फोन करावा असं वाटलं. पण सांगणार काय? समुद्रात माझ्या पावलांची पायवाट उमटतेय? तिने त्याला वेड्यांच्या दवाखान्यातच नेलं असतं. फोन तिचाच आला.

"जेवलास का?"

"हो."

"काय जेवलास?"

"जेवण."

"कर्म माझं! बाळ्या, तुझा आवाज असा का येतोय? बरं नाही का?"

"ताई... काही नाही."

पुढच्या दुपारी दुसरी रेघ आली.

ती दारातून आलेली नव्हती. पहिली रेघ ज्या लांबट जागेला वळसा घालत होती, ही नेमकी तिच्या आतून निघाली होती. त्या चार डागांच्या मधून. तिथून सरळ स्वयंपाकघरापर्यंत, तिथून खिडकीपर्यंत, आणि मग टेबलाकडे. खुर्चीच्या पाठीमागे येऊन थांबली होती.

नकाशे खुर्चीतच बसलेला होता.

भिंतीतून पाणी उतरलं. मग तेही थांबलं. बाहेर लख्ख ऊन, आणि खोलीत मलमाचा वास. आई गुडघ्यांना चोळायची ते मलम. डबी तर ताईने कधीच फेकून दिली होती. मान वळवून मागे पाहावं एवढं साधं काम, पण ते त्याच्याच्याने झालं नाही.

"आई...?" तो पुटपुटला. "तू आहेस का?"

वास बराच वेळ गेला नाही.

माणूस कशालाही सरावतो. आठवडाभरात नकाशे घरात बोलायला लागला. औषध घेतलंस का. पंखा बारीक करू का. आज त्या साहेबाने कशी खोडी काढली, ऐकतेस ना. बोलायचं, मग स्क्रिप्ट चालवायची. दुसरी रेघ कधी खिडकीशी असायची, कधी स्वयंपाकघरात, पण शेवटी खुर्चीमागे यायचीच. त्याच्या तोंडावर थोडी तरतरी आली. ताईने फोनवर ओळखलं.

"कोणाशी बोलत होतास रे आत्ता?"

"कोणाशी नाही."

"बाई आहे का कोणी? असेल तर सांग, मी काही खाणार नाही तिला."

तो हसला. आणि हसता हसता त्याची नजर पडद्यावरच्या ठिपक्यांवर गेली. एक ठिपका म्हणजे एक पाऊल. आई शेवटी शेवटी पाय ओढत, इंच इंच चालायची. या रेघेचे ठिपके लांब लांब होते. त्याने दोन्ही रेघा शेजारी धरल्या. पावलाला पाऊल जुळत होतं. ही ढांग म्हातारीची नव्हती. त्याचीच होती.

"बाळ्या? ऐकतोयस ना?"

"ताई," तो म्हणाला, "मला घेऊन जा इथून. उद्याच्या उद्या ये."

फोन ठेवल्यावर त्याने शेवटचं पाहिलं. दुसरी रेघ आता खुर्चीमागे नव्हती. ती पुढे येऊन खुर्चीतच शिरली होती, पहिलीत अशी गुंतली होती की कुठली कुठून आली आणि कुठली कुठे निघाली, काही लागेना. त्याच्या अंगावरून गार काहीतरी सरकत गेलं, ओल्या पंच्याने कोणी अंग पुसावं तसं. मग काहीच नाही. उलट बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं. तो सरळ जाऊन झोपला.

ताई सकाळीच टॅक्सी घेऊन आली. कपाट उघड, कपडे भर, असलं काय काय बडबडत तिने एकटीने बॅगा भरल्या. "चल, आटप. तुझाही जीव वाचेल आणि माझाही." तो टेबलापासून निघाला, स्वयंपाकघरातला गॅस बंद केला, दाराशी आला. ताई उंबऱ्यात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले होते.

"सरळ आलास," ती म्हणाली. "खाटेच्या जागेवरून सरळ चालत आलास रे! सुटलं एकदाचं तुझं खूळ."

"सुटलं," तो म्हणाला.

दाराला कुलूप त्याने स्वतः लावलं. किल्ली खिशात टाकली.

खाली वॉचमनने बॅगा डिकीत ठेवल्या. "चाललात का साहेब? या मधूनमधून." टॅक्सी फाटकातून बाहेर पडताना नकाशेने मागच्या काचेतून पाहिलं. वॉचमनने हात उंचावला होता. पण त्याचं तोंड टॅक्सीकडे नव्हतं. तो तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे पाहून हात उंचावत होता. क्षणभर तो तसाच उभा राहिला, मग डोकं खाजवत टॅक्सीकडे वळला.

ताईचं घर म्हणजे नुसता गलबला. दाजी, दोन भाच्या, टीव्ही, कुकर, बाथरूमसाठी भांडणं. हा त्यात असा मिसळला की ताईला नवल वाटलं. भाच्यांना कोडी घालायचा, दाजींशी वाद घालायचा, जेवताना आणखी वाढ म्हणायचा. "एवढं बोलायला कुठे शिकलास रे?" ताई विचारायची. "आणि झोपतोस बघ कसा, अगदी मेल्यासारखा. श्वास चालू आहे का, मी दोनदा येऊन बघून गेले."

एका संध्याकाळी सगळे स्वयंपाकघरात असताना त्याने सोबत आणलेला कॉम्प्युटर उघडला. सहजच. ती उलटी स्क्रिप्ट अजून तिथेच होती. त्याने ती चालवली.

एकच रेघ आली. ताजी, त्याच दिवसाची.

कुलूपबंद घरात ती टेबलावरून स्वयंपाकघरात गेली होती, स्वयंपाकघरातून खिडकीत. जाता-येता प्रत्येक वेळी मधल्या रिकाम्या जागेला वळसा घालून. एकदाही न चुकता, जन्मभराची सवय असल्यासारखी.

आणि दाराशी, आतल्या बाजूला, रेघेचा एवढा दाट गुंता झाला होता की पडद्यावर तिथे काळा डागच दिसत होता.

तो त्या डागाकडे बघत बसला. मग त्याने उलटी स्क्रिप्ट पुसून टाकली.

"बाळ्या!" आतून ताईची हाक आली. "पानं वाढलीयत. येतोस ना?"

त्याचा हात खिशात गेला. किल्ली होती. त्याने ती मुठीत घट्ट आवळून धरली.

"आलो, ताई," तो म्हणाला, आणि सरळ चालत आत गेला.