अडखळता आवाज

जिन्याच्या वळणावर त्याच्या ओल्या छत्रीची काडी माझ्या पिशवीच्या बंदात अडकली.

"स... सॉरी," तो म्हणाला. "तपासणीचं ऑफिस... वर?"

"वरच. चला, नाहीतरी आता सुटका नाही तुमची."

तो हसला. खोलीत गेल्यावर कळलं, हाच आपला तक्रारदार. माझं हसू तिथंच विरलं.

रुग्णवाहिका आधी कुणाकडे धाडायची, हे फोनवरचा आवाज ऐकून एक यंत्र ठरवायचं. ते कुणावर अन्याय करतंय का, हे शोधणं माझं काम. त्याचे बाबा घरात कोसळले तेव्हा फोन त्यानं केला होता. यंत्राला तो खोडसाळ वाटला, म्हणून नंबर शेवटी लागला. गाडी पोचली तोवर सगळं संपलं होतं.

"तेच वाक्य पुन्हा बोलावं लागेल," मी म्हटलं. "नको असेल तर—"

"बो... बोलतो."

काचेच्या खोलीत बसून तो म्हणत राहिला, "ब... बाबा श्वास घेत नाहीयेत." माझा सहकारी तेच वाक्य सरळ म्हणायचा, आणि त्याला लगेच गाडी मिळायची. याला प्रत्येक वेळी उत्तर एकच — खोडसाळ.

मधल्या वेळात आम्ही खिडकीशी चहा घ्यायचो.

"इतकं मन लावून... सगळ्यांचंच ऐकता?"

"पगार मिळतो त्याचा."

"आणि सु... सुट्टीच्या दिवशी?"

मी चहात दुसऱ्यांदा साखर घातली. कान तापले होते.

एकदा तो म्हणाला, "आई बोलत नाही माझ्याशी. म्हणते, तुझ्याऐवजी फोन मी केला असता तर..."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. मग काढून घेतला, आणि तशीच उठून आमच्या मॅडमकडे गेले.

"मला या कामातून काढा. तो... मला आवडायला लागलाय. उद्या अहवालावर कुणी बोट ठेवायला नको."

मॅडमनी चष्मा काढला. "मग निकाल लागेपर्यंत भेटायचं नाही. फोनसुद्धा नाही."

तपासणी नव्या माणसांनी पहिल्यापासून केली, अडखळत बोलणाऱ्या इतरांनाही बोलावून. निष्कर्ष तोच आला — असा आवाज यंत्र खोडसाळ ठरवतं. यंत्र बंद झालं. त्या संध्याकाळी मी त्याच्या दारात उभी होते.

"तुम्ही तपासणीला यायचंच ब... बंद केलंत."

"यावंसं वाटत होतं ना... म्हणूनच."

आत पलंगावर त्याची आई बसली होती.

मी म्हटलं, "आई, चूक यांच्या बोलण्याची नव्हती. यंत्राची होती. सिद्ध झालंय."

"गाडी वेळेवर आली असती, तर वाचले असते?"

हो म्हणणं किती सोपं होतं! "ते... मला नाही सांगता येणार."

"तू कोण गं? त्या ऑफिसातली?"

"आज ऑफिसातली म्हणून नाही आले. मला हा आवडतो."

तो दाराची कडी धरून तसाच उभा. आई तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ रडली. मग मान वर न करता म्हणाली, "बाळा, तिला बसायला दे."

खोलीत एकच खुर्ची होती, बाबांची. त्यानं ती पुढं ओढली, आणि मी बसेपर्यंत तिची पाठ घट्ट धरून ठेवली.