मोळीतली फांदी

उन्हाळा सरत आला की माडुमाच्या घरात दोन कामं एकदम अंगावर येत. शेंगा वाळून फुटायच्या आत तोडायच्या, आणि थंडीसाठी लाकडं भरून ठेवायची; डर्बनकडच्या त्या टेकड्यांत थंडी जूनमध्ये पडते. भोपळे तर मक्याच्या ताटांखाली असे लोळत पडले होते की पाय टाकायला जागा नव्हती. त्या दुपारी माडुमा आणि तिची सून डुडुझिले घेवड्याच्या शेंगा तोडत होत्या, आणि तोडता तोडता भांडत होत्या.

भांडणाचं मूळ घरात नव्हतंच. डुडूचा नवरा बेकानी दूर उत्तरेला कोळशाच्या खाणीत होता आणि कित्येक दिवसांत त्याचा फोन नव्हता. लावला तर लागत नव्हता. काळजी दोघींनाही खात होती, पण काळजी बोलून दाखवण्यापेक्षा भांडणं सोपं असतं.

"माझा नवरा सोन्याच्या खाणीत होता तेव्हा फोनही नव्हते," माडुमा शेंगांकडं बघत म्हणाली. "तरी निरोप यायचा. घराची ओढ लावायला बाईच्या अंगी कसब लागतं."

"मुलगा तुमचा आहे, आई. ओढ तुम्हीच लावायची होती, लहानपणी."

"बघा, बघा! डर्बनच्या नळाचं पाणी प्यालेली जीभ!"

डुडूनं टोपली आदळली. कुऱ्हाड घेतली, दोर घेतला आणि नदीची वाट धरली. आज दिवस मावळेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही, असं तिनं मनाशी घट्ट ठरवलं. कोणाशी म्हणजे कोणाशी.

नदीवरच्या फरशी पुलाला पुरानं आणून टाकलेली लाकडं अडकून वाळली होती. डुडूनं ती ओढून काढली, तोडली, बांधली. पुलाच्या तोंडाशी एक काटेरी फांदी मोडून पडली होती. काट्यांच्या जोड्या होत्या, एक सरळ आणि एक आकडीसारखा वाकडा. हात ओरबाडले गेले, पण राग आलेली बाई काट्याला थोडीच भिते. ती फांदीही तिनं मोळीवर बांधली आणि मोळी डोक्यावर घेतली.

पुलावर शेवाळ होतं. तिथं पाऊल टाकताना ती स्वतःलाच म्हणाली, "चल, सांभाळून. आता नदी ओलांडायची."

आणि मोळी हलकी झाली. मागून कोणी तरी हात लावून उचलून धरावी तशी. डुडूला वाटलं, चुंबळ नीट बसली असेल. चढावर दोघीजणी पाण्याला चाललेल्या भेटल्या. "काय गं माकोटी, एकटीच?" त्यांनी विचारलं. नव्या सुनेला तिथं माकोटीच म्हणतात, मग ती चार वर्षं जुनी का असेना. डुडू बोलली नाही. "सासूनं जीभ काढून घेतली वाटतं!" असं म्हणून त्या हसत निघून गेल्या. फाटकात शिरल्यावर मात्र तिच्या तोंडून सुस्कारा निघाला, "आलं बाबा घर. टेक आता." आणि तिनं मोळी राशीवर टाकली.

त्या दिवसापासून संध्याकाळी लाकडं फोडल्याचा आवाज येऊ लागला.

पहिल्या संध्याकाळी डुडू चुलीपाशी होती. बाहेर ठक्... ठक्... असा सावकाश, सरावाचा आवाज. तिला वाटलं, सासूचा राग ओंडक्यावर निघतोय. माडुमा शेळ्या कोंडत होती, तिला वाटलं सूनच फोडतेय. भांडण अजून निवळलं नव्हतं, त्यामुळं एकीनं दुसरीला विचारलं नाही. सकाळी राशीशेजारी फोडलेल्या लाकडांची सुरेख थप्पी लागली होती, आणि भोवतीच्या जमिनीला गाळाचा वास येत होता.

मग वाफ्यातही कोणी तरी हात फिरवू लागलं. अळकुड्यांना माती चढवलेली दिसायची, उपटलेलं तण बांधावर पालथं घातलेलं. काम असं नीटस की नाव ठेवायला जागा नाही. भोपळ्याच्या वेलांमधून मात्र ओल्या पावलांचे ठसे गेलेले असायचे. पाऊस नव्हता. पावलं मोठी होती, पुरुषाची.

शेळ्या राशीकडं फिरकेनात.

एका दुपारी माडुमा चुलीसाठी जळण घ्यायला गेली आणि तिथंच उभी राहिली. बराच वेळ ती हलली नाही, तेव्हा डुडू बाहेर आली. माडुमाच्या हातात ती काटेरी फांदी होती. इतके दिवस उन्हात पडूनही तिची पानं हिरवी होती.

"ही कोणी आणली?"

"मीच. त्या दिवशी, पुलाजवळून."

"माकोटी... उम्फाफा आहे ही."

 नाव डुडूला ठाऊक होतं. उम्फाफा कोणी जळणाला आणत नाही. बोरीच्याच जातीचं झाड ते, पण त्याचं काम वेगळं. माणूस घरापासून दूर मेला की घरचं कोणी तरी त्याची फांदी घेऊन त्या जागी जातं, मेलेल्याला हाक मारतं आणि फांदीवर बसवून घरी आणतं. तिच्या मामाला असंच इस्पितळातून आणलं होतं. पण डर्बनच्या बाजारात मिळाली ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली वाळकी काटकी होती. अख्खी फांदी, काट्यांसकट, तिनं जन्मात पाहिली नव्हती.

"वाटेत कोणाशी बोललीस?" माडुमानं अगदी हळू विचारलं.

"नाही... मी रागावले होते."

"कोणी विचारलं तरी?"

"दोघी भेटल्या. मी तोंड उघडलं नाही."

"आणि पुलावर?"

"पुलावर म्हटलं... चल, आता नदी ओलांडायची."

"फाटकात?"

"आलं घर... टेक आता."

माडुमा राशीशेजारी खाली बसली. फांदी आणणाऱ्यानं जगाशी बोलायचं नसतं. बोलायचं ते फक्त फांदीवरच्याशी, नदी आली की नदी आली म्हणून, घर आलं की घर आलं म्हणून. जाणती माणसं ज्यात चुकतात ते सगळं या पोरीनं रुसव्यात बिनचूक केलं होतं.

"पण मी कोणाचं नाव नाही घेतलं, आई. हाक नाही मारली."

"तेच तर," माडुमा म्हणाली. "परक्याला हाक मारावी लागते. न बोलावता तोच येतो, ज्याचं घर असतं." ती थांबली. "आपल्या घरचं बाहेर कोण आहे, माकोटी? एकच आहे."

त्यानंतर दोघींनी भांडण केलं नाही. डुडू फोन घेऊन गोठ्यामागच्या खडकावर चढली, जिथं आवाज पोचतो. बेकानीचा नंबर लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. ती खडकावरच रडली आणि तोंड धुऊन खाली आली. माडुमानं भोपळा चिरायला घेतला होता, पण सुरी एकाच जागी फिरत होती.

सांजावलं. दिवा लावून दोघी गोल घरात बसल्या, अगदी जवळ जवळ. बाहेर ठक्... ठक्... सुरू झालं.

"विचारू या का?" डुडू कुजबुजली. "हाक मारू या?"

"नाही."

"आई, मला कळायला हवं..."

"मी नाव घेतलं आणि तो आत आला, तर माझा मुलगा मेला असं मीच कबूल केलं." माडुमाचा हात डुडूच्या मनगटावर घट्ट बसला होता. "जोवर मी हाक मारत नाही तोवर तो जिवंत आहे."

बाहेरचा आवाज थांबला. मग पावलं. ओल्या पायांची, मातीवर चिकटून सुटणारी. राशीपासून अंगणात, अंगणातून दाराकडं. गाळाचा वास आधी आत आला. दिव्याची वात बारीक झाली. पावलं दाराशी आली आणि...

"बेका..." डुडूच्या तोंडून निघालंच. माडुमानं तिचं तोंड दाबलं.

दार उघडंच होतं. उंबऱ्याबाहेर अंधार जरा जास्त दाट होता, एवढंच. पाणी ठिबकत होतं... टप्... टप्... आणि कोणी आत येत नव्हतं. वात पुन्हा मोठी झाली. तरी कोणी आत येईना.

माडुमाचा हात हळूहळू सैल झाला.

"माकोटी," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात काही तरी चमत्कारिक होतं, "हा दारात का थांबलाय?"

"म्हणजे?"

"घरचा मेलेला थांबतो का कधी दारात? तो सरळ आत येतो, मागच्या भिंतीशी, पितरांच्या मडक्यांजवळ जाऊन बसतो. कोणाला विचारतो? माझा नवरा मेल्यावर घरी आला तेव्हा मला ओलांडून गेला होता. आणि हा बघ... उभा आहे. बस म्हणण्याची वाट बघतोय." ती हसायलाच लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "पाहुणा आहे गं! कोणाचा तरी चांगल्या वळणाचा पाहुणा आहे! आपला नाही!"

डुडूनं सासूच्या गळ्यात मिठी मारली. दारात भूत उभं असताना इतकं सुख कोणाला झालं नसेल.

मग माडुमा उठली, पदर सारखा करावा तसं खांद्यावरचं कांबळं सारखं केलं आणि दाराकडं तोंड करून म्हणाली, "बाबा, तू कोण ते आम्हाला ठाऊक नाही. आमच्या पोरीच्या हातून चूक झाली, राग धरू नकोस. इतके दिवस कष्टलास, उपाशी राहू नकोस. उद्या तुला पोचवते." घरात तयार असं एकच होतं, भोपळ्याच्या तुंब्यातलं घट्ट दही. तिनं वाडगाभर ओतून उंबऱ्यावर ठेवलं.

"आई!" डुडू दबक्या आवाजात म्हणाली. "परक्याला दही? मला ह्या घरचं दही द्यायला तुम्ही शेळी कापेपर्यंत थांबलात. दही खाल्लं की माणूस घरचा होतो म्हणाला होतात."

"गप गं. दारात आलेल्याला काय शेंगांची सालं देऊ?"

सकाळी वाडगा रिकामा होता, आणि धुऊन पालथा घातलेला.

दोघी फांदी घेऊन मुकाट्यानं नदीवर गेल्या. पुलाच्या तोंडाशी एक छोटा ट्रक उभा होता, आणि हातात अशीच फांदी घेतलेली एक म्हातारी पाण्याकडं बघत होती. माडुमाच्या हातातली फांदी दिसताच ती लगबगीनं पुढं आली.

"तुम्ही टेकडीवरच्या का?" तिनं विचारलं. "मी पुन्हा पुन्हा येते इथं, आणि रिकामीच परतते. पुरात माझा झेन्झेले इथून वाहून गेला. लाकडं फोडून विकायचा. स्वप्नात येऊन सांगतो, आई, मी पुलावर नाही, एका बाईनं चल म्हटलं म्हणून तिच्यामागं गेलो."

डुडूनं मान खाली घातली. "मीच ती, आजी. चुकले."

"चुकलीस कशाची? दोन घास तरी मिळाले असतील त्याला," म्हातारी म्हणाली. माडुमाकडून ती फांदी हातात घेऊन तिनं मुलाला नावानं हाक मारली, कुळाची नावं घेतली, आणि तिचा चेहरा निवळला. मग ती कोणाशी एक शब्द बोलली नाही. ट्रकमध्ये शेजारची जागा मोकळी ठेवून तिनं फांदी तिथं टेकवली. ट्रक वळणाआड गेला तसा डुडूनं इतका लांब श्वास सोडला की माडुमानं तिच्या पाठीत धपका घातला.

"चल, शेंगा राहिल्यात. आणि आज बोलत ये वाटेनं, बाई माझी!"

घर जवळ आलं आणि डुडूचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. आवाज बेकानीचा होता.

माडुमानं फोन हिसकावूनच घेतला. आधी शिव्या दिल्या, मग रडली, मग पुन्हा शिव्या दिल्या. डुडू तिच्या गालाला गाल लावून ऐकत होती. फोन हरवला होता, नवा आजच मिळाला. नंबर कोणाचे पाठ असतात? घरचा एकच पाठ होता, तोही आठवता आठवत नव्हता.

"आई, ऐक ना," बेकानी म्हणाला. "तुझा निरोप मिळाला नसता तर आज बोललो नसतो मी. काल रात्री पाळीच्या आधी छत तपासायला मला एकट्यालाच खाली जायचं होतं. निघालो तर तुझा माणूस दारात. म्हणाला, आज खाली उतरू नकोस, आई वाट बघते. मी रेंगाळलो, आणि तेवढ्यात खाली छत बसलं. सगळंच्या सगळं."

माडुमाचे ओठ हलले. "कुठला माणूस? मी कोणाला पाठवलं नाही."

"असं कसं? घरचाच आहे म्हणाला. तुमच्या घरचं दही खाल्लंय म्हणाला. सगळा भिजलाय बिचारा, कपडे वाळतच नाहीत त्याचे. शुक्रवारी मी निघतोय, तोही बरोबर येतो म्हणतोय." बेकानी हसला. "इथंच उभा आहे की, दाराशी. देऊ का फोन?"

डुडूनं सासूकडं पाहिलं. ट्रकनं उडवलेली धूळ खाली रस्त्यावर अजून बसली नव्हती. माडुमानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दे," ती म्हणाली. "आणि आत बोलाव त्याला. घरच्या माणसाला दारात उभं करत नाहीत."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर झाली. मग नुसता पाणी वाहत असल्याचा आवाज येत राहिला.