उजव्या रांगेतले ससे

अंधेरीच्या सरकारी प्रयोगशाळेमागं कुत्र्यानं एक मेलेला ससा उकरून काढला. तो उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेला होता. कानाला नंबराच्या बिल्ल्याचं भोक होतं. बिल्ला मात्र नव्हता.

सन १९५८. धान्यात मिसळायच्या नव्या कीटकनाशकाची इथं सशांवर चाचणी चालली होती. उजव्या रांगेला औषध घातलेलं खाणं, डावीला साधं. औषधानं एक जरी ससा मेला तर चाचणी तिथंच बंद. सगळे जगले तर तात्पुरती परवानगी, आणि निरीक्षण आणखी दोन वर्षं. परवानगी उद्या निघायची होती. मग ती पावडर घरोघरच्या गव्हात जाणार.

तपासनीस नंदकुमार वैद्य आत आला. पिंजरे भरलेले होते. प्रत्येक कानात बिल्ला होता.

त्यानं एकेक ससा उचलून पाहिला. डावीकडच्यांची नखं लांब वाढलेली. उजवीकडच्यांची झिजलेली.

"असं का रे, हरेश्वर?"

"जाळीवर बसून वाढतात, साहेब," राखणदार म्हणाला. "बाहेरच्या खुराड्यातले जादाचे ससे माती उकरतात, त्यांची झिजतात."

"मेलेला तू पुरलास?"

"मी खाडीत टाकला असता. अभ्रा कोण वाया घालवतो?"

"औषधाच्या कंपनीचा माणूस येतो?"

"येतो ना. गुप्तेबाई दारातूनच हाकलतात. चहासुद्धा नाय."

"बिल्ले बसवायचा चिमटा?"

"बाईंच्या कपाटात. किल्ली त्यांच्या कमरेला."

"त्या राहतात कुठं?"

"इथंच, वर. चाचणी चालेल तोवर खोली त्यांची. दिवाळीला पण जात नाहीत. कांदिवलीच्या घरी आता कोण हाय त्यांचं?"

चाचणीच्या प्रमुख पद्मजा गुप्ते गाजरं चिरत बसल्या होत्या.

"बाई, उजवीकडचे ससे मेले," नंदकुमार म्हणाला. "तुम्ही त्यांचे बिल्ले खुराड्यातल्या सशांना घातलेत. झिजलेली नखं कशी लपवणार?"

"कंपनीनं पैसे चारले, असं म्हणा ना सरळ."

"कंपनीच्या माणसाला तुम्ही दारात उभं करत नाही. चाचणी थांबली असती, तर तुम्हाला वरची खोली सोडावी लागली असती. एवढंच."

सुरी थांबली.

"इथं सकाळी कुणीतरी माझी वाट बघत असतं," त्या म्हणाल्या. "तिकडं दार उघडणारी मीच, लावणारी मीच."

"आणि तो गहू खाणारी माणसं?"

नंदकुमारनं फोनकडं हात नेला.

"थांबा. मी सांगते."

परवानगी देणाऱ्या समितीचे सचिव फोनवर आले.

"उजवीकडचे सगळे ससे मेलेत," त्या म्हणाल्या. "औषधानंच. परवानगी देऊ नका... नाही, हरेश्वरचा काही संबंध नाही. ससे मी बदलले."

फोन ठेवून त्या वर गेल्या. ट्रंक ओढल्याचा आवाज खालपर्यंत आला.