कात्री आणि गादीवाला

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणत, तेही तोंडावर. लोकांना छळणारे विक्रीचे कॉल बंद पाडणं हेच त्या ऑफिसचं काम. गोड बोलून कंपनीचं नाव काढून घ्यायचं आणि नंबर कापायचा, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आणि एका दुपारी तिच्याच टेबलावरचा फोन वाजला.

"नमस्कार मॅडम. पाठदुखी आहे का?"

"नाही."

"अरे वा... मग आमच्या गादीची तुम्हाला गरजच नाही. ठेवतो."

तिला हसू फुटलं. स्वतःच्या पायावर असा धोंडा मारून घेणारा विक्रेता तिनं पाहिला नव्हता. "थांबा," ती म्हणाली, "कंपनीचं नाव तरी सांगा."

त्यानं बिचाऱ्यानं सांगितलं. आता कापायचं... पण बोट काही उठेना.

मग तो रोज दुपारी फोन करू लागला. गादी केव्हाच बाजूला राहिली.

"तुमच्यानं एक तरी गादी विकली जाते का हो?"

"कशी जाईल? तुम्ही भाव विचारत नाही, नुसता भाव खाता."

ती लाजायची. आपण कुठे काम करतो ते मात्र तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गडी धूम पळाला असता.

एके दिवशी तो म्हणाला, "नोकरी सोडली. लोकांच्या झोपा मोडून गाद्या विकायच्या, हे मला जमत नाही. तुमचा स्वतःचा नंबर द्याल? संध्याकाळी माझ्या फोनवरून करतो. एक विचारायचंय."

तिनं दिला. संध्याकाळी फोन वाजला, अनोळखी नंबर दिसला... आणि हाताला लागलेली सवय! हॅलो म्हणायच्या आधीच तिनं फोन कापून तक्रारही ठोकली. मग डोक्याला हात लावला. नंबर बंद पडला होता. ज्याचा नंबर त्यानंच ऑफिसात येऊन खुलासा द्यायचा, असा नियम होता. हा नियम आणायला साहेबांच्या मागे टुमणं लावलं होतं तिनंच. आता रडून काय उपयोग? तरी ती रडली.

काही दिवसांनी खिडकीशी एक उंच, विस्कटलेल्या केसांचा तरुण आला. साहेब तिच्या शेजारीच बसले होते.

"कॉल कशासाठी केला होता?" साहेबांनी विचारलं.

"एका मुलीला आवडतेस म्हणून सांगायचं होतं," तो म्हणाला. तो आवाज ऐकून तिच्या हातातलं पेन गळून पडलं. "तिनं तक्रारच केली, म्हणजे उत्तर मिळालं. नंबर राहू द्या बंद. तिला फक्त सॉरी कळवा."

"कॉल हवा होता असं तिनं सांगितलं, तर नंबर सुटेल. विचारून बघतो तिला."

"विचारायला नको," ती हळूच म्हणाली. "हवा होता."

तो बघतच राहिला. साहेब चष्म्यावरून एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहू लागले. "कात्री... तू?"

तिनं मान खाली घालून नंबर सुरू केला. लगेच तिच्या पर्समधला फोन वाजला. काचेपलीकडे त्यानं फोन कानाला लावला होता.

"नमस्कार मॅडम. पाठदुखी आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "पण गादी लागेल... डबल."

साहेबांना जोराचा ठसका लागला.